होमस्कूलिंगवाल्या मुलांची दहावी: एनआयओएस, आयजीसीएसई की सतरा नंबर?

वाईकरीण

नमस्कार मंडळी. लेक आता चौदाची होतेय, त्यामुळे घरात रोज एकच विषय, हिची दहावी कुठून करायची. सहावीनंतर तिला शाळेतून काढलं, तेव्हापासून घरीच शिकतेय. धाकटा दहा वर्षांचा, तो तर शाळेत कधी गेलाच नाही. इतकी वर्षं परीक्षेशिवाय छान चाललं होतं, पण आता कागद लागणार हे आम्हालाही कळतंय.

लेकीला इमारतींचं भयंकर वेड आहे. मेणवलीच्या वाड्याची ओसरी टेपने मोजून ग्राफपेपरवर उतरवून काढलीये, खांबांमधलं अंतर, पायऱ्यांची उंची, सगळं मापात. सध्या तरी आर्किटेक्ट व्हायचं म्हणते. गणित आवडतं, इतिहास स्वतःहून वाचते, केमिस्ट्री म्हटलं की तोंड वाकडं.

घरात तीन माणसं आणि तीन मतं. सासरे हेडमास्तर होते, ते म्हणतात बोर्डाची दहावी ती दहावी, सतरा नंबरचा म्हणजे बाहेरून बसायचा खाजगी विद्यार्थ्याचा फॉर्म भरा आणि मोकळे व्हा. नवऱ्याला वाटतं करायचंच तर आयजीसीएसई, ती केंब्रिजसारख्या बोर्डांची आंतरराष्ट्रीय दहावी, म्हणजे पुढे कुठेही अडणार नाही. मला एनआयओएस, म्हणजे ते ओपन बोर्ड, बरं वाटतंय पण लोक म्हणतात ते नापास मुलांसाठी असतं, कॉलेजात विचारत नाहीत. ज्यांनी यातून मुलं काढलीत त्यांनी प्लीज सविस्तर लिहा. फी, विषय, कागदपत्रं, पुढची अ‍ॅडमिशन, सगळंच.

आनंदयात्री

वाईकरीण ताई, आमच्या दोघांची दहावी-बारावी एनआयओएसमधून झाली, तेव्हा जे माहीत आहे ते लिहितो, लांबेल जरा.

आधी ते नापासांचं बोर्ड वगैरे डोक्यातून काढून टाका. एनआयओएस हे केंद्र सरकारचं राष्ट्रीय बोर्ड आहे, १९८९ साली नॅशनल ओपन स्कूल म्हणून सुरू झालं आणि २००२ पासून आताचं नाव आहे. जेईई मेनच्या माहितीपत्रकात एनआयओएसची बारावी किमान पाच विषयांसह चालते असं स्पष्ट लिहिलेलं असतं. मेडिकलची अडचण होती ती पण गेली, ओपन बोर्डाच्या मुलांना नीटला बसू न देणारी अट दिल्ली हायकोर्टाने २०१८ मध्ये रद्द केली आणि २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टातही तो विषय निकाली निघाला.

आता प्रत्यक्ष कसं चालतं ते. दहावीला वय १४ पूर्ण लागतं. आठवीचा दाखला नसेल तर स्वयंघोषणापत्र चालतं, म्हणजे तुमच्या धाकट्यालाही पुढे हा रस्ता उघडाच आहे. मार्चच्या मध्यापासून जी अ‍ॅडमिशन सुरू होते ती पुढच्या वर्षीच्या एप्रिल परीक्षेसाठी, आणि सप्टेंबरच्या मध्यापासूनची पुढच्या ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी. पाच विषय घ्यायचे, त्यात निदान एक भाषा, जास्तीत जास्त दोन. रजिस्ट्रेशन पाच वर्षं चालतं आणि तेवढ्यात नऊ वेळा परीक्षा देता येते, सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही. आमच्या थोरल्याने आधी इंग्रजी आणि होम सायन्स दिलं, मग सहा महिन्यांनी बाकीचे तीन. होमस्कूलिंगच्या मुलाला तीन तास एका जागी बसून पेपर लिहायची सवयच नसते, त्यामुळे पहिल्या खेपेला दोनच विषय असले की पोरगं घाबरत नाही.

टीएमए म्हणून प्रकार आहे, घरी लिहून द्यायच्या असाइनमेंट, त्याला २० टक्के वेटेज. आणि आता सिलॅबसचे दोन भाग केलेत, साधारण ४० टक्के भाग फक्त टीएमएला आणि ६० टक्के परीक्षेला, त्यामुळे अभ्यास सुरू करायच्या आधी वेबसाइटवरून ती वाटणी डाउनलोड करून पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवर खुणा करून घ्या. आम्ही दोन रंगांचे पेन वापरले होते, परीक्षेचे धडे हिरवे आणि टीएमएचे निळे, मुलांना स्वतःला कळायचं आज काय घ्यायचं ते.

पास व्हायला ३३ टक्के, पण थिअरी आणि प्रॅक्टिकल वेगवेगळं पास व्हावं लागतं, हे लोक विसरतात. गणिताला आणि सायन्सलाही छोटं प्रॅक्टिकल असतं. अभ्यासकेंद्र निवडताना ते केंद्र प्रॅक्टिकल नीट घेतं का, फोन उचलतं का, एवढंच बघा. दहावी मराठी माध्यमातूनही देता येते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

निमा

एक भर. एजंटच्या नादी लागू नका. "घरबसल्या दहावी पास गॅरंटी" असे बोर्ड प्रत्येक तालुक्याला दिसतात, ते एनआयओएसचं नाव घेऊन पाच-दहापट पैसे घेतात आणि कधीकधी भलत्याच बोर्डाचं सर्टिफिकेट हातात ठेवतात. फॉर्म स्वतः वेबसाइटवर भरा, सोपा आहे.

प्राजक्ता_ठाणे

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. मुलीची आयजीसीएसई केंब्रिजची केली, प्रायव्हेट कँडिडेट म्हणून.

पैसे लागतात हे खरं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. एका विषयाची फी जेवढी असते तेवढ्यात एनआयओएसची अख्खी दहावी होऊन वर पैसे उरतात. पण ताई, अभ्यास काय सुंदर आहे तो. गणितात पाठ केलेलं चालतच नाही, विज्ञानात ग्राफ देऊन विचारतात यातून तुला काय दिसतं सांग. घरी शोधून शोधून शिकलेल्या मुलांना हे आवडतं, माझी मुलगी जुने पेपर कोडं सोडवल्यासारखे सोडवायची.

काही गोष्टी आधीच माहीत हव्यात. एक, प्रायव्हेट मुलं घेणारी शाळा शोधावी लागते, सगळ्या केंब्रिज शाळा घेत नाहीत, आणि ज्या घेतात त्या दरवर्षी घेतीलच असं नाही, त्यामुळे वर्षभर आधी ईमेल करून लेखी होकार घ्या. दोन, सायन्सला लॅब नसेल तर अल्टरनेटिव्ह टू प्रॅक्टिकल हा लेखी पेपर निवडता येतो, घरच्या मुलांसाठी हीच मोठी सोय. तीन, गणितात कोर आणि एक्स्टेंडेड असे दोन स्तर आहेत. कोर घेतलं तर कितीही चांगला पेपर लिहा, सी ग्रेडच्या वर जात नाही. आर्किटेक्चर म्हणत असेल तर एक्स्टेंडेडच.

चौथी गोष्ट महाराष्ट्रातल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाची. मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो, तोवर इथे अकरावीच्या फेऱ्या पुढे गेलेल्या असतात. भारतासाठी मार्चची वेगळी सिरीज आहे, तिचा निकाल मेमध्ये येतो. अकरावीला इथल्या कॉलेजात जायचं असेल तर मार्च सिरीज घ्या, फक्त तुमचे सगळे विषय त्यात आहेत ना हे तपासून.

आणि एनआयओएसबद्दल राग नाही माझा पण खरं सांगू का, ती पुस्तकं वाचून मुलीला कंटाळा आला होता.

आनंदयात्री

>> ती पुस्तकं वाचून मुलीला कंटाळा आला होता

प्राजक्ता ताई, मान्य, पुस्तकं रुक्ष आहेत. पण पुस्तक परीक्षेपुरतं असतं ना. आम्ही वर्षातले नऊ महिने मुलांना जे वाचायचं ते वाचू दिलं आणि शेवटचे तीन महिने एनआयओएसचं पुस्तक काढलं. आयजीसीएसईत मात्र दोन वर्षं त्या सिलॅबसचीच होतात असं मी आजूबाजूला बघितलंय. ज्या कारणासाठी शाळा सोडली तेच दुसऱ्या दाराने घरात येतं.

आणि आयजीसीएसईनंतर पुढे काय हा प्रश्न उरतोच. ए लेव्हलला, म्हणजे त्यांच्या बारावीला, केंब्रिजमध्ये फिजिक्स-केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल प्रयोगशाळेतच द्यावं लागतं, तिथे लेखी पर्याय नाही. म्हणजे सायन्सवाल्या मुलाला एक तर महागड्या शाळेत जावं लागतं नाहीतर अकरावीला ज्युनिअर कॉलेज किंवा एनआयओएसच.

प्राजक्ता_ठाणे

>> दोन वर्षं त्या सिलॅबसचीच होतात

आमची नाही झाली. दर सिरीजला दोन-दोन विषय दिले, मधल्या काळात तिचं पोहणं, तबला सगळं चालू होतं. पण ए लेव्हलचं तुम्ही म्हणता ते बरोबर, आम्ही बारावी एनआयओएसमधूनच करतोय आता. दहावी एका बोर्डाची आणि बारावी दुसऱ्या, काहीही अडलं नाही.

मास्तर

मी माध्यमिक शाळेत शिकवतो आणि आमची शाळा सतरा नंबरचं संपर्क केंद्र आहे, म्हणून लिहितो.

तुमच्या सासऱ्यांचं म्हणणं उडवून लावू नका. लहान गावात राज्य मंडळाच्या मार्कलिस्टला कोणी प्रश्न विचारत नाही हे खरं आहे. खाजगी विद्यार्थी म्हणून ऑनलाइन नोंदणी करायची, संपर्क केंद्राची शाळा निवडायची, तोंडी-प्रात्यक्षिक तिथेच, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये इतर मुलांबरोबरच पेपर. मार्कलिस्टला बेस्ट ऑफ फाइव्हची टक्केवारी तशीच मिळते. फी अगदी परवडणारी. राहिलं तर जून-जुलैत पुरवणी परीक्षा.

पण दोन गोष्टी. पहिली, शाळा सोडल्याचा मूळ दाखला मागतात. लेकीचा सहावीचा दाखला तुमच्याकडे असणार, तिचं होईल. धाकटा शाळेतच गेला नाही तर त्याचा दाखला कुठून आणणार, त्याचं तिथेच अडतं. दाखला हरवला असेल तर द्वितीय प्रत आणि प्रतिज्ञापत्र, ती वेगळी गोष्ट. धाकट्यासाठी राज्य मंडळाचंच महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळ आहे, तिथे पाचवी आणि आठवीच्या समकक्ष परीक्षा होतात, मराठी माध्यमात सुद्धा. त्याला निदान एक शासकीय कागद हातात येईल, त्याचा विचार करा.

दुसरी, इथे विषय निवडायचं स्वातंत्र्य जवळजवळ नाही. तीन भाषा, गणिताचे दोन भाग, विज्ञानाचे दोन भाग, इतिहास-भूगोल, सगळं एकाच मार्चमध्ये. तीन वर्षं स्वतःच्या मनाने शिकलेल्या मुलीला एकदम एवढं ओझं झेपेल का हे तुम्हीच ठरवा. माझ्याकडे आलेली बरीच मुलं हुशार असतात आणि हिंदी-संस्कृतच्या पेपरला घाम फुटतो, कारण त्या भाषा मध्ये सुटलेल्या असतात.

कायद्याचं कोणी विचारेलच म्हणून. २००९ च्या आरटीई कायद्यात ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेचा हक्क दिलाय. घरी शिकवण्याला त्यात स्पष्ट परवानगीही नाही आणि तसं करणाऱ्या पालकांना शिक्षाही सांगितलेली नाही. लेक १४ ची झाली की तो प्रश्न तिच्यापुरता मिटला.

कोरी पाटी

सगळे दहावी दहावी करताय पण ती लागतेच कशाला? मुंबईच्या त्या मालविका जोशीला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत प्रवेश मिळालाच ना, दहावी-बारावी काहीही नसताना. मुलात दम असेल तर जग विचारतं. कागदाच्या मागे लागून आपणच मुलांना शाळेत परत ढकलतोय.

खिडकी नं. ३

कोरी पाटी, ते उदाहरण सगळेच देतात म्हणून त्याबद्दल आधी बोलते. त्या मुलीकडे इंटरनॅशनल ऑलिंपियाड इन इन्फर्मॅटिक्सची तीन पदकं होती, दोन रौप्य आणि एक कांस्य. आणि त्याच मुलीला आपल्याकडे आयआयटीचं दार बंद होतं, कारण बारावी नव्हती. म्हणजे एवढी बुद्धी असूनही भारतात कागद लागलाच. तुमच्या मुलाकडे तशी पदकं असतील तर जरूर थांबा, बाकीच्यांनी आपल्या पोरांना वाऱ्यावर सोडू नये.

मी ज्युनिअर कॉलेजच्या प्रवेश विभागात काम करते. दर जून-जुलैमध्ये एनआयओएस, आयजीसीएसई, सतरा नंबर सगळी मुलं खिडकीसमोर येतात. वाईकरीण ताई, तुमच्या घरातले तिघंही बोर्डावरून भांडताय, आणि माझ्या खिडकीशी मुलं बोर्डामुळे अडत नाहीत, विषयांमुळे अडतात. हे मी अगदी तळमळीने सांगतेय कारण दरवर्षी रडणारी पोरं बघते.

होतं काय, एनआयओएसला विषयांचं स्वातंत्र्य आहे म्हणून कोणीतरी सल्ला देतं, गणित कशाला, पेंटिंग घ्या, होम सायन्स घ्या, डेटा एंट्री घ्या, भारतीय संस्कृती घ्या, मार्क भरपूर पडतात. पडतात पण. ८५-९० टक्के घेऊन मूल येतं आणि सायन्सचा फॉर्म मागतं. दहावीला विज्ञान विषयच नाही, मग सायन्सला घेणार कसं? आई म्हणते तिला सगळं येतं हो, घरी शिकलीये. येत असेल ताई, माझ्या स्क्रीनवर त्याला रकानाच नाही. हीच मुलगी ७० टक्के घेऊन गणित-विज्ञानासह आली असती तर तिचं नाव यादीत लागलं असतं. त्या विषयांना कमी लेखत नाही मी, ज्याला चित्रकलेतच जायचंय त्याने पेंटिंग घ्यावंच. पण चौदाव्या वर्षी मूल जे म्हणतं ते सोळाव्या वर्षी म्हणेलच याची खात्री कोणी द्यावी?

तुमच्या लेकीचं आर्किटेक्चर बघा. बी.आर्क.ला बारावीत फिजिक्स आणि गणित लागतंच, वर प्रवेशपरीक्षा, नाटा किंवा जेईईचा पेपर दोन. म्हणजे दहावीला गणित आणि विज्ञान हवंच. मग उरलेले तीन विषय तिच्या आवडीचे घ्या की, इंग्रजी, मराठी आणि पेंटिंग. पाच झाले. एनआयओएसच्या पेंटिंगमध्ये प्रॅक्टिकललाच जास्त मार्क असतात, तिचा हात चालतोच आहे.

कागदांचं पण सांगते. एनआयओएस मार्कलिस्टबरोबर मायग्रेशन-कम-ट्रान्सफर सर्टिफिकेट देतं, तेच तुमचं एलसी समजायचं, आमच्याकडे तेच लागतं. नवीन क्लार्क असला तर शाळेचा दाखला आणा म्हणून परत पाठवतो, तेव्हा शांतपणे तो कागद समोर ठेवायचा आणि सुपरवायझरला बोलवा म्हणायचं. लॅमिनेशन करू नका मूळ प्रतींचं, नंतर पडताळणीला त्रास होतो. आधारवरचं, जन्मदाखल्यावरचं आणि फॉर्मवरचं नाव एका अक्षराने सुद्धा वेगळं नको, आईचं नाव, वडिलांचं नाव, स्पेलिंग सगळं. हे अ‍ॅडमिशनच्या आधी दुरुस्त करून घ्या, नंतर फार फेऱ्या मारायला लागतात.

अजून एक, पुढे इंजिनिअरिंग, आर्किटेक्चरच्या कॅप राउंडला, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीला, महाराष्ट्राचा विद्यार्थी म्हणून धरायला दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या संस्थेतून झालेली आणि डोमिसाइल असं बघतात. म्हणून एनआयओएसचं अभ्यासकेंद्र महाराष्ट्रातलंच घ्या. मामाकडे बेळगावला किंवा इंदूरला सोय होतेय म्हणून तिथलं केंद्र घेऊ नका.

निमा

खिडकी ताई, केवढं उपयोगी लिहिलंत. हे कोणी सांगतच नाही.

भटका

मी स्वतः होमस्कूलिंगचं प्रॉडक्ट आहे, आता लॉच्या चौथ्या वर्षाला. आईबाबांनी आठवीपासून घरी ठेवलं. दहावी-बारावी दोन्ही एनआयओएस.

पालकांना दिसत नाही ते सांगतो. मला गणित अजिबात आवडायचं नाही आणि आईने एकच सांगितलं की दहावीपर्यंत घे, त्यानंतर तुझ्यावर आहे. तेव्हा चिडलो होतो. बारावीला सोडलं, पोलिटिकल सायन्स, इतिहास, इकॉनॉमिक्स घेतलं, आणि मग सीईटी देऊन पाच वर्षांचा लॉ. आज मला वाटतं तो सौदा योग्य होता, कारण मी सोडलं ते माझ्या मनाने सोडलं, कोणी टक्केवारीसाठी आधीच काढून टाकलं नव्हतं.

दुसरं म्हणजे पायऱ्या गाळू नका. दहावी, मग बारावी, मग पदवी अशी सरळ ओळ ठेवा. काही ठिकाणी बारावीशिवाय ओपन युनिव्हर्सिटीतून पुढे जाता येतं, पण लॉला बार कौन्सिलचे नियम अशा गाळलेल्या पायऱ्या मान्य करत नाहीत. एनआयओएसमध्ये दहावी आणि बारावीच्या मध्ये दोन वर्षांचं अंतर लागतं, त्यामुळे दहावी लवकर उरकली म्हणून बारावी लगेच हातात येत नाही. मधल्या वेळात मी एका वकिलांच्या ऑफिसात फायली लावायचो, तिथेच लॉचं ठरलं.

आणि परीक्षेच्या हॉलबद्दल. केंद्रावर आजूबाजूला चाळिशीच्या बायका, गॅरेजमध्ये काम करणारी मुलं, एक क्रिकेट खेळणारा मुलगा, असे सगळे होते. पेपर सुटल्यावर शेजारच्या काकूंनी मला डब्यातला लाडू दिला आणि विचारलं, तुला तिसरा प्रश्न आला का रे. मला त्या हॉलात कधीच कमीपणा वाटला नाही. लोक नापासांचं बोर्ड म्हणतात तेव्हा मला त्या काकू आठवतात आणि राग येतो.

रेडिंगकर

इंग्लंडमधून लिहितोय. इथे आमच्यासारखी बरीच मराठी कुटुंबं मधूनच मुलांना शाळेतून काढतात आणि मग हाच प्रश्न पडतो, म्हणून इथलं पण नोंदवून ठेवतो.

इथे घरी शिकवणं पूर्ण कायदेशीर आहे, १९९६ च्या एज्युकेशन अ‍ॅक्टचं सातवं कलम. शाळेत नाव असेल तर हेडटीचरला पत्र द्यायचं. पण परीक्षेची जबाबदारी आणि फी दोन्ही पालकांची, काउन्सिल सहसा मदत करत नाही. आणि गंमत म्हणजे शाळेतली मुलं जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, देतात तिथे घरची मुलं बहुतेक विषयांना इंटरनॅशनल जीसीएसई देतात, कारण साध्या जीसीएसईत काही विषयांना कोर्सवर्क किंवा शाळेने सही करायचं प्रॅक्टिकल असतं, इंग्रजीला बोलण्याची वेगळी चाचणी असते, बाहेरच्या मुलाला ते कोण करून देणार. केंब्रिज किंवा एडेक्सेल बोर्डाचा फक्त लेखी पेपर असलेला पर्याय घ्यायचा.

सोळाव्या वर्षी सिक्स्थ फॉर्म (इथली अकरावी-बारावी) किंवा कॉलेजला साधारण पाच विषयांत ग्रेड ४ आणि वर, त्यात इंग्रजी आणि गणित हवंच. या दोन विषयांत चारच्या खाली असेल तर पुढच्या कॉलेजात तेच परत करावे लागतात. म्हणजे खिडकी ताईंनी सांगितलं तेच इथेही, दोन-तीन विषय असे आहेत की त्यांच्याशिवाय दार उघडत नाही. आम्ही मुलाचं गणित तेराव्या वर्षीच देऊन टाकलं, मग बाकीचे विषय दर उन्हाळ्यात एक-दोन. मे-जूनच्या परीक्षेला नाव जानेवारी-फेब्रुवारीत नोंदवावं लागतं आणि प्रायव्हेट मुलं घेणारी केंद्रं लवकर भरतात. काही कॉलेजं १४ ते १६ च्या घरी शिकणाऱ्या मुलांना मोफत घेतात, त्याची पण चौकशी करा.

भारतात परत यायचा विचार असेल तर इथली परीक्षा तिकडच्या तोडीची आहे असं समकक्षता प्रमाणपत्र लागतं, त्यासाठी पाच विषय आणि त्यात इंग्रजी हे आधीपासून लक्षात ठेवा. तीन-चार विषयांवर थांबलेल्या मुलांची तिकडे फार ओढाताण होते.

कोरी पाटी

खिडकी ताई, पदकांचं माहीत नव्हतं. तरी मला वाटतं की कागद मुलाच्या मागे यावा, मुलाने कागदाच्या मागे जाऊ नये. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, अजून तीन वर्षं मी त्याला परीक्षेचा शब्द ऐकू देणार नाही.

खिडकी नं. ३

नका ऐकू देऊ, अकराव्या वर्षी गरजच नाही. फक्त गणित आणि एक भाषा लिहायची सवय सुटू देऊ नका. लिहायची म्हणतेय, वाचायची नाही. घरची मुलं बोलतात फार सुरेख, पण हाताला दहा ओळींच्या वर लिहायची सवय नसते आणि पेपर अर्धा राहतो.

मास्तर

हे अगदी खरं. रोज एक पान, विषय कुठलाही. आज काय पाहिलं ते लिही म्हणावं.

प्राजक्ता_ठाणे

कोणाच्या मुलाला डिस्लेक्सिया वगैरे असेल तर एनआयओएसमध्ये जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात, त्यासाठी प्रमाणपत्र मात्र आधी काढून ठेवा, सरकारी हॉस्पिटलला तारीख मिळायलाच महिने जातात. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाला लेखनिक मिळाल्यावर इतिहासात जे मार्क पडले ते बघून त्याची आई ढसाढसा रडली.

वाईकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री हा सगळा धागा सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. मास्तरांचा प्रतिसाद त्यांना आवडला आणि खिडकी ताईंचा वाचल्यावर ते स्वतःच म्हणाले की बोर्ड कुठलं ते राहू दे, गणित-विज्ञान सोडायचं नाही एवढं लिहून ठेवा.

तर सध्या असं ठरलंय. लेकीसाठी एनआयओएस, इंग्रजी, मराठी, गणित, विज्ञान आणि पेंटिंग. इंग्रजी आणि मराठी पहिल्या खेपेला, गणित-विज्ञान-पेंटिंग पुढच्या. केंद्र साताऱ्याचं किंवा पुण्याचं, जिथे प्रॅक्टिकल नीट घेतात ते. नवऱ्याची आयजीसीएसईची इच्छा आहे ती आम्ही अशी भागवतोय की गणिताचा सराव केंब्रिजच्या जुन्या पेपरांवर करायचा, परीक्षा द्यायची नाही. लेकीला हे सांगितलं तर तिने आधी पेंटिंगचा सिलॅबस उघडून बघितला, मग विज्ञानाचा, आणि म्हणाली केमिस्ट्री एवढीच असेल तर चालेल.

दोन शंका उरल्यात. माध्यम इंग्रजी घ्यावं की मराठी? घरी सगळं मराठीतून शिकलीये, इंग्रजी वाचते पण उत्तरं मराठीत सुचतात. आणि रेखाकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा शाळेत नसताना देता येतात का?

आनंदयात्री

माध्यमाचं माझं मत, दहावी मराठीतून देऊ दे. ज्या भाषेत विचार करते त्या भाषेत पहिली मोठी परीक्षा झाली तर आत्मविश्वास येतो. फक्त गणित-विज्ञानातले इंग्रजी शब्द सोबत पाठ असू देत, वहीत प्रत्येक संज्ञेसमोर इंग्रजी शब्द लिहायचा, कारण अकरावी सायन्स इंग्रजीतच आहे. आमच्या धाकटीने असंच केलं, अकरावीचे पहिले दोन महिने जड गेले, दिवाळीनंतर रुळली.

प्राजक्ता_ठाणे

मी असते तर इंग्रजी घेतलं असतं. दोन वर्षांनी एकदम फिजिक्सही कठीण आणि भाषाही नवी असं नको. पण मुलीलाच विचारा, दोन्ही माध्यमांतला एक-एक धडा वाचायला द्या आणि प्रश्नांची उत्तरं लिहायला सांगा. लगेच कळेल.

मास्तर

रेखाकला परीक्षा शाळेच्या केंद्रामार्फत होतात. जवळच्या हायस्कूलच्या चित्रकला शिक्षकांना जाऊन भेटा, काही केंद्रं बाहेरची मुलं घेतात. दहावीला त्याचे वाढीव गुण मिळतात ते राज्य मंडळाच्या मुलांना, एनआयओएसला त्याचा उपयोग नाही. पण आर्किटेक्चरला जाणाऱ्या मुलीचा हात तयार व्हायला इंटरमिजिएटचं भूमिती-रचनेचं काम फार चांगलं, मार्कांसाठी नाही तरी त्यासाठी द्या. फॉर्म शाळेत कधी भरतात ते जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्याच विचारून ठेवा, नंतर शिक्षकांनाही नाव घालता येत नाही. मेणवलीची ती ड्रॉइंगं सोबत न्या, शिक्षक नाही म्हणणार नाहीत.